तिमिरचे पाय उन्हात

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅन्डवाल्यांचं दुकान आहे. वैशाख लागला की दुपार कलताना तिथं कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. नवा वाजवणारा असावा, कारण ओळीच्या मध्यावर तो हमखास अडखळतो आणि मग मधलं गाळून थेट शेवटावर उडी मारतो. मी खिडकी लावून घेते. झळ आत येते म्हणून, असं आईला सांगते. जळगावात वैशाखात हे कारण कुणालाही पटतं. दाराची कडी हाताला चटका देते, नळाचं पाणी चहाला ठेवावं इतकं तापलेलं येतं, कूलरसमोरच्या वाळ्याच्या ताट्या सुकून खुळखुळतात. लग्नसराई आली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली.

यंदा तिच्याबरोबर पुण्याहून संपादकांचा फोनही आला. मुलांसाठी मी तीन भागांची एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली आहे. पहिला भाग निघाला, पोरांनी वाचला, काहींनी पत्रं पाठवली. दुसऱ्या भागाची लिहून झालेली प्रकरणं मात्र संपादकांच्या टेबलावरून पुढे सरकत नाहीत.

"तुमचा दुसरा भाग बसलाय," ते म्हणाले. "अक्षरशः बसलाय हो. ती दोघं नुसती सावलीत बसून आहेत. प्रेम व्हायचंय ना त्यांचं? मग होऊन जाऊ द्या. मधलं थोडं कापा आणि लढाईकडे चला."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. गोष्टच तशी आहे. एका मुलखात सगळ्या झाडांची सावली एका सरदाराच्या मालकीची आहे. आरू नावाची मुलगी एका कडुनिंबाची सावली गोधडीसारखी घडी करून पळवते आणि पहिला भाग संपतो. तिसऱ्या भागात सरदाराचं कोठार फुटणार आहे. मधल्या भागात एक तापलेला माळ आहे आणि तो ओलांडायचा आहे. तिला पकडायला आलेला पहारेकरी, तिमिर, आता तिच्याबरोबरच चालतोय, कारण परत गेला तर त्याचीही मान जाणार. दोघांत सावली एकच. सकाळी उलगडली की अंगणाएवढी पसरते, आणि दुपार चढत जाते तशी आकसत चादरीएवढी होते. त्या चादरीवर ती बसते. तो कडेला, पाय उन्हात ठेवून.

तीन भागांच्या गोष्टीत मधला भाग सावत्र असतो. पहिल्याला नवलाई मिळते, तिसऱ्याला युद्ध. मधल्याच्या वाट्याला चालणं येतं, तहान येते, आणि दोन माणसांनी एकमेकांना ओळखण्याचं संथ, कंटाळवाणं, जिवावरचं काम येतं. बहुतेक लेखक ते काम उरकून टाकतात. एका पानावर भांडण, पुढच्या पानावर मिठी. मीही तसंच करणार होते. मला थांबवलं ते हर्षालीनं.

हर्षाली माझी चुलत बहीण. काकांचं गाव अमळनेरजवळ. बारावीनंतर ती शिकायला आमच्याकडे जळगावला आली आणि माझ्या खोलीत तिची खाट लागली. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचो. पहिल्या बादलीला गच्ची चरचरायची, वाफ अंगावर यायची, मग हळूहळू पाय ठेवण्याजोगी व्हायची. तिथं बसून मी दिवसभरात लिहिलेलं वाचायचे आणि ती केळीचे वेफर्स खात ऐकायची. ऐकायची म्हणजे भांडायची.

"आला लगेच सावलीत? कुणी बोलावलं त्याला?"

"अगं, ऊन आहे. भाजतोय तो."

"भाजू दे. पहारेकरी होता ना कालपर्यंत? ताई, तू फार घाई करते. हे म्हणजे पोरगी बघायला आले आणि चहा पिता पिता तारीख धरून गेले, तसं झालं."

"मग काय करू?"

"पाय उन्हातच राहू दे त्याचे. आधी विचारू दे. आणि ती नाही म्हणेल."

"नाही का म्हणेल? तिला आवडतो तो."

"आवडतो म्हणून काय झालं? एकदा नाही म्हणून बघू दे ना तिला. नाही म्हटल्यावर तो कसा वागतो ते कळायला नको? आणि नाही म्हटल्यावरही गोष्ट पुढे चालली पाहिजे, ताई. नाहीतर मग विचारण्यात काय अर्थ?"

तोंडात वेफर होता तिच्या. कादंबरीच्या मधल्या भागाविषयी याहून शहाणं वाक्य मी कुठं वाचलेलं नाही.

मला ते सुचलं नसतं, त्याला कारण आहे. मी पत्रकांवर वाढले. माझे वडील, ज्यांना अख्खं पिंप्राळं आबा म्हणतं, त्यांचा छोटा छापखाना आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि मनासाठी पत्रकं. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, डीजेविरुद्ध, लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध. गुलाबी आणि पिवळा स्वस्त कागद, शाईचा वास, भिंतीवर लावायच्या खळीचा आंबूस वास. बाराखडीच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता यायचं. मी मोठ्यानं वाचलेला पहिला शब्द 'धिक्कार' होता, असं आई सांगते, आणि आबा तो किस्सा पाहुण्यांना अजून ऐकवतात. ज्या घरात अन्याय दिसला की जेवण बाजूला ठेवून मजकूर लिहायला घेतात, त्या घरात जन्मल्याचा मला अभिमान आहे. आजही आहे.

पण पत्रकाला मधला भाग नसतो. वर मथळा, खाली आवाहन. काय चुकतंय ते सांगायचं आणि काय करायचं ते सांगायचं. या दोहोंच्या मध्ये एखादं माणूस बसलेलं असतं, त्याला विचार करायला वेळ हवा असतो, हे पत्रकात मावत नाही. जागाच नसते तेवढी.

हर्षालीला स्थळ आलं ते त्याच, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. मुलगा धुळ्याचा, एमआयडीसीत नोकरीला. हुंडा घेणार नाही म्हणाले, त्यामुळे आबा खूश. दोनदा भेटले ती आणि तो. परत आल्यावर मी विचारलं, "कसा आहे?"

"ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणजे माहीत नाही. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं, स्वयंपाक येतो का. दुसऱ्या भेटीत विचारलं, तुमच्याकडे कूलर कुठला आहे."

"आणि तू?"

"मी विचारलं, पुस्तकं वाचता का. तो हसला. चांगलं हसला की वाईट, ते कळलं नाही अजून."

काकांच्या घरातही आबांचाच शब्द चालतो, म्हणून तिनं आबांसमोर बसून अट घातली. साखरपुडा आत्ता करा, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मधले महिने तिला हवे होते. बोलेन, भेटेन, भांडून बघेन, आणि नाही जमलं तर सांगेन. आबांना तिचं कौतुक वाटलं. "अशा विचाराच्या मुली पाहिजेत," ते म्हणाले आणि शब्द दिला. त्या संध्याकाळी गच्चीवर ती एकदम हलकी होती. "तुळशीचं लागू दे आधी, मग माझं," असं गाणं करून म्हणत होती. मला म्हणाली, "ताई, माझा पण मधला भाग सुरू. त्याचे पाय उन्हात."

हे सगळं मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्याला सगळे आदर्श म्हणतात.

साखरपुडा काकांच्या गावी होता, आखाजीच्या आदल्या आठवड्यात. शेताच्या कडेला मांडव. भरदुपार. मांडवाच्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर पिवळं पडलेलं. बाहेर चुलीवर वरण शिजत होतं आणि तिखटाचा ठसका मांडवात येत होता. अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग मुलाकडचे एक वयस्कर पाहुणे आबांच्या कानाशी लागले. आबांचा चेहरा उजळलेला मी लांबून पाहिला. नवा मजकूर सुचला की त्यांचा चेहरा असाच उजळतो. त्यांनी माईक हातात घेतला.

"मंडळी, मांडव इथं आहे. जेवण इथं आहे. दोन्हीकडची माणसं इथं आहेत. पोरगा आहे, पोरगी आहे. मग पुन्हा तोच खर्च, तोच मांडव, तीच धावपळ कशाला? आजच, याच मांडवात लग्न उरकून समाजाला दाखवून देऊ!"

टाळ्या पडल्या. खानदेशात हे नवं नाही. साखरपुड्यातच लग्न लावायचं आणि खर्च वाचवायचा, याची बातमी दर लग्नसराईत येते. आबांच्या कितीतरी पत्रकांत हेच आवाहन होतं. त्यांच्या घड्या मी स्वतः घातलेल्या. ते आवाहन खोटं नव्हतं. लग्नापायी घरं बसलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच त्या दुपारचा राग कुठं ठेवावा ते मला अजून कळत नाही.

मी गर्दीतून वाट काढत आबांपाशी गेले. "आबा, तिला विचारलं का?"

"विचारायचं काय? साखरपुड्याला हो म्हणाली ना ती?"

"साखरपुड्याला म्हणाली. लग्नाचं दिवाळीनंतर सांगणार होती. तुम्ही शब्द दिलाय."

"अगं, हो ते होच असतं. त्याला काय वायदा लागतो?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. मग ते थबकले, कारण माणूस न्यायाचा. "बरं. विचारू."

आणि त्यांनी विचारलं. माईकवर. सगळ्या मांडवासमोर.

"बेटा हर्षाली, तुझी काही हरकत आहे का?"

कर्णा खरखरला आणि सगळं शांत झालं. वाढपी हातातली बादली खाली ठेवून बघू लागले. हर्षालीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. काकू तिच्या शेजारी उभी होती. ती पुटपुटली, "बठ्ठा लोकं देखी राहिनात, माय. आते काय बोलवानं?" सगळे बघत होते, हे खरंच होतं. हर्षालीची मान खाली गेली. मान खाली जाण्याचे हजार अर्थ होतात. मांडवानं एकच घेतला.

मी ओरडले, "ती काही बोललेली नाही!" माझा आवाज टाळ्यांत गेला. कुणीतरी हसून म्हणालं, "आबांचीच पोरगी, भाषणाला उभी राहिली." हळद नव्हती, तर वरणासाठी आणलेल्या हळदीतली वाटीभर घेतली. मुंडावळ्या आणायला मोटरसायकल अमळनेरला पळाली. साखरपुड्याच्या साडीतच ती बोहल्यावर चढली. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ती विवाहित होती आणि वरण अजून गरम होतं. जिच्या चुलत्याचा लग्नपत्रिकांचा छापखाना, तिच्या लग्नाची पत्रिका कधी छापलीच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. 'साखरपुड्यातच शुभमंगल, समाजापुढे आदर्श.' आबांनी कात्रण छापखान्यातल्या काचेखाली ठेवलं. बातमीत सगळं होतं. वाचलेला खर्च, उपस्थित मान्यवर, टाळलेला मानपान. तिला हवे असलेले महिने तेवढे नव्हते. ते वाचले म्हणायचे की गेले, हे विचारायला बातमीतही जागा नव्हती.

त्या उन्हाळ्यानंतर मी गच्चीवर बसून वाचणं सोडलं. आबांशी बोलणं सोडलं नाही, भांडणंही नाही. कधी कधी एकच भांडण आम्ही ताटावर बसून नव्यानं भांडतो. "त्या घरात तिला काही कमी आहे का?" ते विचारतात. मी म्हणते, "आबा, तुम्ही जन्मभर लोकांना प्रश्न विचारायला शिकवलंत. उत्तराची वाट बघायला कधी शिकवणार?" ते भाकरीचा तुकडा मोडतात आणि आईला म्हणतात, "बोलते छान. पत्रक लिहायला पाहिजे हिनं."

फोनवर हर्षाली बोलायची, पण फोन सासूबाईंच्या फडताळावर असायचा आणि आवाज सगळ्या घराला ऐकू जायचा. "सगळं छान आहे, ताई. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू म्हणालेत." मग हवापाण्याचं विचारावं तसं विचारायची, "तुमच्याकडे ऊन कसंय? पाय अजून बाहेरच?" मी म्हणायचे, "बाहेरच." एवढंच आमचं खासगी बोलणं.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. झाडाला झोका बांधतात, घरोघर आमरस आणि खापरावरचे मांडे होतात, आणि वर्षभर हळू बोललेल्या बायका त्या दिवशी झोक्यावर उभं राहून ओरडतात. आणायला मुराळी जावा लागतो, बहुतेक भाऊच. गेल्या आखाजीला तिला पाठवलं नाही. पाहुणे आलेत, पुढच्या वर्षी बघू. हर्षालीला सख्खा भाऊ नाही. यंदा मी म्हटलं, मी जाते मुराळी. एसटीनं धुळ्याला उतरले तेव्हा पत्र्याच्या शेडखाली माणसं शेळ्यांसारखी सावलीला चिकटून उभी होती.

सासूबाईंनी दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "मुराळी म्हनीसन पोर उनी? भाऊ नही का तुमनाकडे?"

"मीच भाऊ समजा," मी म्हटलं.

त्या हसल्या. मनापासून हसल्या, तेही लिहिलं पाहिजे. "बस माय, पानी पी. ऊन कितलं तपी राहिनं. लई जा तिले. पन आखाजी व्हयनी का लगेच धाडी द्या."

बसमध्ये हर्षाली खिडकीला डोकं टेकून बसली. अमळनेर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तो वाईट नाही, ताई. लोकांना वाटतं मारतो-बिरतो तरच वाईट. तो विचारत नाही फक्त. कशाचंच विचारत नाही. सिनेमाची तिकिटं आणतो, न विचारता. साडी आणतो, न विचारता. चांगल्या गोष्टीसुद्धा न विचारता करतो." मग खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "उरलेलंही तसंच."

मी तिचा हात धरला. तो गार होता, एवढ्या उन्हात.

आखाजीच्या दुपारी काकांच्या खळ्यातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता. पोरी आळीपाळीनं चढत होत्या. हर्षाली चढली नाही. आम्ही बुंध्याशी बसलो आणि तिनंच म्हटलं, वाच. मी नवं प्रकरण वाचलं. दुपार आहे, सावली चादरीएवढी उरली आहे, तिमिरच्या पायांना फोड आले आहेत, आणि तो पहिल्यांदा विचारतो, "आत येऊ का?"

मी थांबले. पुढचं लिहिलं नव्हतं.

"कापून टाक हे," हर्षाली म्हणाली.

"काय?"

"हे सगळं. चालणं, बसणं, विचारणं. तुझे संपादक बरोबर म्हणतात. पटकन पोचव त्यांना शेवटाला."

"तूच म्हणायचीस घाई करू नको म्हणून."

"तेव्हा मला वाटायचं मधल्या भागाला दार असतं. पाहिजे तर माघारी फिरता येतं." ती पायाच्या अंगठ्यानं निंबोळी चिरडत होती. "आता शेवट सांग मला. वाईट असला तरी चालेल. शेवट असतो ना, तो संपतो तरी."

मला राग आला. तिचा नाही. ज्या मुलीनं मला प्रेमाचा वेग शिकवला, तिच्याच तोंडून घाईचं वाक्य काढून घेणाऱ्या सगळ्यांचा आला. टाळ्यांचा आला, कात्रणाचा आला, 'उरकणं' या गोष्टीला सद्गुण मानणाऱ्या आमच्या शहाण्या, सुधारक, भल्या घराचा आला. पण माझ्याकडे तिला द्यायला शेवट नव्हता, आणि खोटा देणार नव्हते.

तेवढ्यात आबा आले, हातात आंब्याची टोपली. झोक्यावरच्या पोरी, ओट्यावरची म्हातारी माणसं, सगळ्यांच्या देखत त्यांनी मायेनं विचारलं, "काय बेटा, सुखी आहेस ना?"

हर्षालीची मान खाली गेली. तशीच, तेवढीच.

आबांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. बघ, असं होतं त्या नजरेत.

ती आणखी एक-दोन दिवस तरी राहील असं आम्ही धरलं होतं. दुसऱ्याच दिवशी जावई दारात उभे. "कामावर गर्दी आहे, म्हटलं आजच घेऊन जावं." काकूनं घाईघाईनं मांडे बांधून दिले. मी अमळनेरच्या स्टँडपर्यंत गेले. बस लागली तसा तो आधी चढला, जागा धरली, खिडकीतून तिला हाक मारली. जागा उन्हाच्या बाजूची होती. पलीकडची बाकं रिकामी होती. त्यानं तिला खिडकीशी बसवलं. वारा लागेल म्हणून असेल, चांगल्या मनानंच असेल. तो आतल्या बाजूला बसला, तिच्या सावलीत, आणि डोळे मिटून घेतले. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. बस हलली तेव्हा काचेवर ऊन असं पडलं होतं की तिचा चेहरा मला दिसलाच नाही.

संपादकांना मी कळवलं आहे. एक पानही कापणार नाही. तुम्हाला छापायचं नसेल तर छापू नका. घरचा छापखाना आहे, आणि तिथं स्वस्त गुलाबी कागद भरपूर आहे.

बॅन्डवाल्याचा सराव सुरू आहे. तो अजून मधलं गाळून पुढे उडी मारतो. माझ्यासमोर तेच प्रकरण उघडं आहे. तिमिरनं विचारलंय, आत येऊ का. त्याचे पाय उन्हात आहेत. आरूची मान खाली आहे आणि तिच्या मानेचा अर्थ लावायचा मला अधिकार नाही. दुपार ढळू दे, पानं वाढू देत, वाचकांना कंटाळा येऊ दे. ती तोंडानं बोलेपर्यंत मी पुढची ओळ लिहिणार नाही.